पायांत उतरलेले रक्त पुन्हा वर कसे येते?

प्रतापनगरचे_आजोबा (३ मे, सकाळी ७.४०)

नमस्कार मंडळी.

परवा, १ मे रोजी, आठवीतल्या नातवाच्या शाळेत ध्वजवंदनासाठी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. सकाळचे साडेसातच वाजले होते, पण नागपूरचे मे महिन्यातले ऊन त्या वेळीही मानेवर येऊन बसते. मुले सावधान स्थितीत उभी होती आणि भाषण लांबत चालले होते. नातवाच्या पुढे उभा असलेला एक उंच मुलगा आधी पांढराफटक पडला, त्याने दोनदा मोठी जांभई दिली आणि तो गुडघ्यांत मोडून खाली आला. दोघातिघांनी बगलेत हात घालून त्याला उभे धरले, कोणी पाणी आणले, कोणी कांदा फोडून नाकाशी लावला, पण त्याची मान काही सावरेना. शेवटी शाळेच्या शिपायाने सगळ्यांना बाजूला सारले आणि त्याला व्हरांड्यात आडवे निजवले. मिनिटभरात तो डोळे उघडून ‘माझी टोपी कुठे आहे?’ असे विचारू लागला.

घरी येताना नातवाने विचारले, ‘आजोबा, सर म्हणाले की त्याचे रक्त पायांत उतरले. मग आपले सगळ्यांचे रक्त पायांत उतरते, ते पुन्हा वर कोण नेते?’ मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या जुळवल्या आहेत. जे नावे पडते ते कुठेतरी जमा झालेच पाहिजे, एवढे मला कळते. हृदय रक्त खाली ढकलते, हेही समजले. परंतु केसाहून बारीक वाहिन्यांतून जाताना तो जोर संपत असणार, आणि त्यानंतर तळपायापासून छातीपर्यंतचा चार फुटांचा चढ शिल्लक राहतो. तो चढ कोणाच्या बळावर चढला जातो? मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

वाळ्याची_ताटी (३ मे, सकाळी ८.०५)

आमच्या इमारतीत मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. या धाग्यावर जे तंत्र निष्पन्न होईल, त्याची एक प्रत आमच्या सोसायटीच्या सचिवांकडे पाठवावी.

मोटारवाला_इतवारी (३ मे, सकाळी ९.२०)

मी कूलरचे पंप आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, त्यामुळे सध्या श्वास घ्यायला वेळ नाही, तरीही लिहितो. कूलरमध्ये पंप टाकीतले पाणी वर चढवतो आणि ते ताट्यांवरून झिरपत आपोआप टाकीत परत येते. तिथे चढ पंपाच्या खर्चाचा आणि उतार फुकटचा असतो. आजोबा म्हणतात त्या शरीराच्या यंत्रात हे उलटे दिसते: उतारावर पंप बसवला आहे आणि चढावर काहीच नाही. असा कूलर कोणी माझ्याकडे आणला असता, तर मी तो हातात घेतला नसता.

एक गोष्ट मात्र अनुभवाची सांगतो. पंपाला जेवढे पाणी मिळते तेवढेच तो फेकतो. टाकीतली पातळी खाली गेली की चांगला पंपही घरघर करतो, ताट्या कोरड्या पडतात आणि मालक म्हणतो की पंप बिघडला. दहांतल्या चार तक्रारींत पंप ठणठणीत असतो. तो मुलगा पडला तेव्हा त्याच्या हृदयाचा दोष नव्हता, टाकीचा होता, असा माझा अंदाज आहे.

यंत्रविशारद (३ मे, सकाळी ११.१०)

प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. रक्ताभिसरण ही बंद नळ्यांची व्यवस्था आहे. यू आकाराच्या नळीत पाणी भरून ती उभी धरा. एका बाजूच्या पाण्याचे वजन दुसऱ्या बाजूच्या पाण्याला तोलून धरते, त्यामुळे पाणी फिरते ठेवण्यासाठी पंपाला चढ चढवावा लागतच नाही. फक्त नळीच्या आतल्या घर्षणावर मात करावी लागते. रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतून, खाली उतरणारे रक्त नीलेतून, म्हणजे परतीच्या वाहिनीतून, वर चढणाऱ्या रक्ताला तोलते. कूलरची उपमा इथे लागू पडत नाही, कारण कूलरचे पाणी ताट्यांपाशी उघड्यावर येते आणि तिथे बंद नळी तुटते. चढाचा हिशेब शून्य आहे. विषय संपला.

मोटारवाला_इतवारी (३ मे, दुपारी १.३०)

विषय संपला असेल तर मग तो मुलगा का पडला, हेही सांगून टाकावे.

स्टेथोस्कोप (३ मे, रात्री १०.१५)

दवाखाना आटोपून आता लिहायला बसलो आहे. उत्तर लांबणार आहे, तेव्हा आधीच क्षमा मागतो.

‘यंत्रविशारद’ यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि तेवढाच भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आकडे घेऊन पाहू. आडवे पडलेल्या माणसाच्या मोठ्या रोहिण्यांत सरासरी दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो. केशवाहिन्या ओलांडून रक्त छोट्या नीलांत पोहोचते तेव्हा त्यातले जेमतेम १० ते १५ उरतात आणि उजव्या अलिंदाशी, म्हणजे परतीचे रक्त ज्यात येते त्या हृदयाच्या वरच्या कप्प्याशी, दाब जवळजवळ शून्य असतो. एवढ्या उरलेल्या दाबावर आडव्या माणसाचे रक्त आरामात परतते. आता तोच माणूस उभा राहिला. हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचे वजन सुमारे ९० मिलिमीटर भरते. पावलातल्या रोहिणीत १०० अधिक ९०, म्हणजे १९० झाले. पावलातल्या नीलेतही १० अधिक ९०, म्हणजे १०० झाले. दोन्हींतला फरक उभे राहण्यापूर्वी होता तेवढाच राहिला. म्हणजेच रक्त पुढे ढकलणारा जोर कमी झालेला नाही. आजोबांना जो चढ वाटतो, तो अशा हिशेबात खरोखर नाही.

परंतु ही नळी लोखंडाची किंवा काचेची असती, तरच विषय इथे संपला असता. नीलांच्या भिंती पातळ आणि ताणल्या जाणाऱ्या असतात. शरीरातल्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी साठ टक्क्यांहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी नीलांतच असते. ती आपली टाकी आहे, हे ‘मोटारवाला’ यांनी वैद्यकाचे पुस्तक न उघडता ओळखले. उभे राहिल्यावर पायांतल्या नीलांवर ९० मिलिमीटरचा जादा दाब आला की त्या फुगतात आणि अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त कमरेखाली साठून राहते. हे रक्त हरवलेले नसते, आजोबांच्या भाषेत ते खात्यावर जमाच असते, पण काढता येत नाही. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढ्यापुरते घटते आणि हृदय जेवढे मिळाले तेवढेच पुढे फेकते. म्हणून खरा प्रश्न रक्त वर चढवण्याचा नसून ते खाली साचू न देण्याचा आहे.

ते काम पोटरी करते. पोटरीच्या स्नायूंच्या आत मोठ्या नीला असतात. पाऊल टाकताना स्नायू आवळले की त्या पिळल्या जातात. नीलांच्या आतल्या बाजूला थोड्या थोड्या अंतरावर दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. त्या फक्त हृदयाच्या दिशेने उघडत असल्यामुळे पिळलेल्या रक्ताला वरचाच रस्ता मोकळा असतो. स्नायू सैल पडले की वरचे रक्त खाली येऊ पाहते, झडपा मिटतात, उभा स्तंभ तुकड्या-तुकड्यांत विभागला जातो आणि रिकामी झालेली नीला खालून व बाजूने पुन्हा भरते. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत जो ९०च्या घरातला दाब असतो, तो चार पावले चालल्यावर ३०च्याही खाली येतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यासाठी. श्वासाचीही मदत होते: श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो आणि पोटातला वाढतो, त्यामुळे पोटातल्या मोठ्या नीलेतले रक्त छातीकडे ओढले जाते.

आता त्या मुलाविषयी. सावधान स्थितीत पोटरीचा पंप बंद असतो. उन्हाने त्वचेतल्या वाहिन्या रुंदावतात, म्हणजे टाकीचा आकार वाढतो, आणि घामाने टाकीतले पाणी घटते. मानेतल्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब मोजणारे चेतातंतू असतात. ते एरवी दोन-तीन ठोक्यांतच हृदयाची गती वाढवून आणि वाहिन्या आकसवून तोल सांभाळतात. काही वेळा मात्र ही प्रतिक्रिया एकदम उलटते, हृदय मंदावते, वाहिन्या सैल पडतात आणि मेंदूचा पुरवठा क्षणभर तुटतो. आधी येणारा फिकेपणा आणि जांभई ही त्याचीच सूचना असते. माणूस आडवा झाला की साचलेले रक्त आपोआप परत येते, म्हणून पडणे हाच त्या प्रसंगी शरीराने केलेला उपचार म्हणावा लागेल. ज्यांनी त्याला बगलेत धरून उभे ठेवले, त्यांनी प्रेमापोटी तो उपचार रोखला होता. शाळेच्या शिपायाला माझा नमस्कार सांगावा.

वाळ्याची_ताटी (३ मे, रात्री १०.४०)

आणि कांद्याचे काय? आमच्या आजीने पन्नास उन्हाळे खिशात कांदा ठेवायला लावला आहे.

स्टेथोस्कोप (३ मे, रात्री १०.५२)

खिशातला कांदा जेवताना खावा. रक्त वर आणण्याच्या कामी तो येत नाही.

फळा_आणि_खडू (४ मे, सकाळी ६.३०)

वरचा प्रतिसाद वाचताना मी स्वतःच्या पायांकडे पाहत होते. मी ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, आणि आमच्या काळी वर्गात शिक्षिकेने खुर्चीवर बसणे हा गुन्हा होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूला एक हिरवट दोरी दिसू लागली. पुढच्या दहा वर्षांत तिचे वेटोळे झाले. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खड्डा पडायचा आणि मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ रात्री झोपेपर्यंत जात नसे. मला वाटायचे की ही अशक्तपणाची शीर आहे, आणि मी गूळ-शेंगदाणे खात राहिले.

तपासणीत कळले की मांडीच्या वरच्या टोकाची झडप नीट मिटत नाही. एक झडप गळू लागली की तिच्या खालच्या झडपेवर जादा भार येतो, नीला ताणून रुंद होते, त्यामुळे त्या झडपेच्या पाकळ्याही एकमेकींना टेकत नाहीत, आणि असे एकेक करत ते खाली उतरत जाते. मला पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे घालायला सांगितले. पहिल्या दुकानदाराने पाय न मोजताच ‘मध्यम’ मापाचे देऊन टाकले आणि ते गुडघ्याखाली इतके रुतायचे की रक्त वर जाण्याऐवजी अडत असावे. नंतर दुसरीकडे घोटा आणि पोटरी टेपने मोजून घेतली, तेव्हा फरक पडला. मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पायांत रक्त उतरायच्या आधी घालायचे असतात, हेही मला तेव्हाच समजले. नागपूरच्या मे महिन्यात ते घालणे म्हणजे काय, ते मात्र ज्याने घातले त्यालाच ठाऊक.

निळे_आभाळ (४ मे, सकाळी ९.१०)

माझा प्रश्न बालिश वाटेल. ताईंनी ‘हिरवट दोरी’ म्हटले, पाठ्यपुस्तकात ती निळी असते आणि नावही ‘नीला’ आहे. म्हणजे परतीचे रक्त निळे असते ना?

रक्तपेढीतली_मी (४ मे, सकाळी ११.४५)

मी गेली बारा वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि दररोज सुईतून येणारे रक्त नीलेचेच असते. ते लालच असते, फक्त गडद, पिकलेल्या जांभळाच्या रसाकडे झुकणारे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूला चार ठिकाणी प्राणवायू धरता येतो. तो धरलेला असताना रंग भडक लाल असतो आणि सोडल्यावर गडद होतो. त्वचेवर पडलेल्या प्रकाशातला लाल भाग खोलवर शिरून शोषला जातो आणि निळा भाग वरच्या थरांतूनच परत फिरतो, त्यामुळे त्वचेखालची नीला निळी किंवा हिरवट दिसते. दृष्टीचा भ्रम भाषेत शिरला आणि तिथून पाठ्यपुस्तकाच्या शाईत उतरला, एवढेच.

आणि ‘परतीचे रक्त म्हणजे प्राणवायू संपलेले रक्त’ असेही समजू नये. शांत बसलेल्या माणसाच्या परतीच्या रक्तात निघताना असलेल्या प्राणवायूपैकी साधारण तीन चतुर्थांश शिल्लकच असतो. धावपळीच्या वेळी ही शिल्लक कामी येते.

मूळ_ग्रंथी (४ मे, दुपारी ४.००)

आपल्या पूर्वजांना हे सर्व ज्ञात होते. बृहदारण्यक उपनिषदात ‘हृदय’ या शब्दाची तीन अक्षरे सांगितली आहेत: ‘हृ’ म्हणजे आणणे, ‘द’ म्हणजे देणे आणि ‘य’ म्हणजे जाणे. रक्त आणते, देते आणि फिरते. यापेक्षा स्पष्ट ते काय असावे?

जुनी_पाने (४ मे, सायंकाळी ६.२५)

‘मूळ_ग्रंथी’ यांनी दिलेली तीन अक्षरे त्या उपनिषदात आहेत, हे खरे आहे. तथापि तिथे हृदय हे ब्रह्म म्हणून उपासनेचा विषय आहे, जो हे जाणतो त्याला स्वकीय आणि परके भेटी आणून देतात आणि तो स्वर्गलोकी जातो, असे त्या अक्षरांचे फळ सांगितले आहे. रक्ताचा तिथे उल्लेखच नाही. मूळ अर्थ इतका सुंदर असताना त्याला पंपाचे काम कशासाठी द्यावे?

इतिहासाचा विषय निघालाच आहे, तर आजोबांच्या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रसंग सांगते. रक्त यकृतात तयार होते, नीलांतून अवयवांकडे जाते आणि तिथे खर्ची पडते, ही ग्रीक वैद्य गॅलेनची कल्पना युरोपात सुमारे चौदाशे वर्षे टिकली. त्या कल्पनेत ‘परत येणे’ हा प्रश्नच नव्हता, कारण रक्त परत येतच नव्हते. उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येते, हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस याने लिहून ठेवले होते, पण ते युरोपात रूढ झाले नाही. इटलीतल्या पादुआ येथे फाब्रिसियसने १६०३ मध्ये नीलांतल्या झडपांचे वर्णन छापले, आणि त्यांचे काम रक्त हातापायांकडे फार जोरात जाऊ नये म्हणून वेग आवरणे हे असावे, असा तर्क केला. झडपा डोळ्यांसमोर होत्या, दिशा मात्र उलटी वाचली गेली.

त्याच्याकडे शिकलेल्या विल्यम हार्वेने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे आजोबांना आवडेल असा हिशेब. हृदय एका ठोक्याला थोडेसेच रक्त फेकते असे धरले, तरी अर्ध्या तासात ते इतके होते की खाल्लेल्या अन्नातून तेवढे रक्त तयार होणे अशक्य आहे. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. आजचे आकडे घेतले तर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर आणि दिवसाला सुमारे ७,००० लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या, आणि त्याही पाच लिटरच्या भांडवलावर.

दुसरी गोष्ट म्हणजे हाताच्या नीलेवरचा प्रयोग. दंडाला बेताचा पट्टा बांधला की पुढच्या हातावरच्या नीला फुगतात आणि त्यांवर मधे मधे गाठीसारखे उंचवटे दिसतात; त्या झडपा होत. मनगटाकडच्या बाजूला एका बोटाने नीला दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराच्या दिशेने वरच्या गाठीपलीकडे सारावे. मधला भाग रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. वरून खाली कितीही दाबले तरी रक्त गाठ ओलांडून मागे येत नाही. खालचे बोट उचलताच मात्र ती क्षणात मनगटाकडून भरते. १६२८ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात या प्रयोगाची चित्रे आहेत. रोहिण्या आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याने कधीच पाहिल्या नाहीत. त्या माल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा हार्वेला जाऊन चार वर्षे झाली होती.

झणझणीत_रस्सा (४ मे, रात्री ८.१५)

गॅलेन आणि मराठी माणूस यांचे चांगले जमले असते. आपण ‘काळीज धडधडले’ म्हणतो, आणि सावजी भोजनालयात ‘कलेजी’ मागवली की ताटात यकृत येते. आपल्या भाषेने हृदय आणि यकृत यांची वाटणी अजून केलेलीच नाही.

यंत्रविशारद (४ मे, रात्री ९.००)

‘स्टेथोस्कोप’ यांचे विवेचन मान्य आहे. नळी लवचीक आहे, हे मी गृहीत धरले नव्हते. ‘विषय संपला’ हे शब्द मागे घेतो. एक शंका मात्र उरते. रक्ताच्या स्तंभाला एवढे वजन असेल, तर रक्तदाब मोजताना हात वर-खाली झाल्यानेही आकडा बदलला पाहिजे.

स्टेथोस्कोप (४ मे, रात्री १०.३०)

बदलतोच. हृदयाच्या पातळीपासून हात १० सेंटिमीटर खाली गेला की आकडा सुमारे ७ ते ८ मिलिमीटरने वाढलेला दिसतो. म्हणून दंड छातीच्या मधोमध येईल असा हात टेबलावर टेकवून, पाय जमिनीवर आणि पाठ टेकलेली ठेवून मोजावे. घरी यंत्र घेतलेले अनेक जण हात लोंबता ठेवून मोजतात आणि मग घाबरून फोन करतात. स्तंभाची उंची हेच दाबाचे माप, ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढले होते. तो वृत्तान्त त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रतापनगरचे_आजोबा (५ मे, सकाळी ७.००)

इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. एक खासगी गोष्ट विचारतो. गेल्या आठवड्यापासून पहाटे अंथरुणातून उठताना मलाही दोन क्षण अंधारी येते. मी रक्तदाबाची गोळी घेतो. उन्हाळ्यात रक्तदाब कमीच राहतो, तेव्हा गोळी बंद ठेवावी, असे सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राचे मत आहे.

स्टेथोस्कोप (५ मे, सकाळी ७.३५)

मित्राबरोबर फिरणे सुरू ठेवावे, गोळी मात्र त्याच्या सांगण्यावरून बंद करू नये. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० इतका उतरत असेल, तर ती वही घेऊन याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जावे. मात्रा किंवा वेळ बदलायची की नाही, ते ठरवतील. तोवर उठताना आधी पोटऱ्या आणि पावले दहा-बारा वेळा हलवावीत, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावे आणि त्यानंतरच उभे राहावे. वयोमानाने मानेतल्या त्या चेतातंतूंची प्रतिक्रिया मंदावते, त्यामुळे शाळकरी मुलाला जे एका ठोक्यात जमते त्याला आपल्याला थोडा अवधी द्यावा लागतो.

रक्तपेढीतली_मी (५ मे, दुपारी २.२०)

आमच्याकडे हेच रोज दिसते. रक्तदाता ३५० मिलिलिटर रक्त देतो, त्याला खाटेवर काहीही होत नाही, आणि तो ‘मी ठीक आहे’ म्हणत झटकन उठतो तेव्हा भोवळ येते. गेलेले पाणी आणि क्षार एक-दोन दिवसांत भरून निघतात, तांबड्या पेशींना मात्र काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी चार महिन्यांचे अंतर ठेवलेले आहे.

परतीच्या प्रवासाबद्दल विदर्भातल्या माणसाने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे सिकलसेल आजार पुष्कळ आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या स्थानावर एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते, एवढाच मूळ फरक असतो. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार करते आणि एरवी कागदासारखी वाकणारी पेशी विळ्यासारखी ताठ होते. ही क्रिया लगेच घडत नाही, काही क्षण लागतात. पेशी त्या अवधीत केशवाहिनी ओलांडून फुप्फुसाकडे परतली, तर तिला पुन्हा प्राणवायू मिळतो आणि धोका टळतो. ती वाटेत रेंगाळली, तर तिथेच ताठरते, मागच्या पेशींना अडवते आणि हाडांत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले की त्रास वाढतो, म्हणून या मुलांच्या दप्तरातली पाण्याची बाटली शाळेने कोणत्याही कारणाने अडवू नये.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे हा दोष दोघांकडेही एकाच पालकाकडून आलेला असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच जाणवत नाही. पत्रिका जुळवताना रक्ताची ही एक तपासणी अवश्य करावी, असे मी प्रत्येक शिबिरात सांगते आणि प्रत्येक शिबिरात कोणीतरी नाराज होते.

मोटारवाला_इतवारी (५ मे, रात्री ९.४५)

माझ्या कूलरच्या उपमेत एक दुरुस्ती करतो. कूलरला एक पंप असतो. आज मुलीचे पुस्तक चाळले, तर हृदय म्हणजे एकाच कवचात बसवलेले दोन पंप निघाले: उजवा फुप्फुसांसाठी आणि डावा उर्वरित शरीरासाठी, दोघांचा ठोका एकाच वेळी आणि दोघांचे माप सारखे. डाव्याची भिंत जाड का, हे पाहूनच कळले, कारण त्याला लांबचा पल्ला आहे. पण पोटरीचा तिसरा पंप पुस्तकात दाखवलेलाच नाही, ही त्रुटी आहे असे मी मुलीला सांगितले. ती म्हणाली, ‘बाबा, परीक्षेत येत नाही.’

प्रतापनगरचे_आजोबा (६ मे, सायंकाळी ६.५०)

उठताना माझा वरचा आकडा २४ने उतरला. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जात आहे, वही सोबत आहे.

आज दुपारी ‘जुनी_पाने’ यांनी सांगितलेला प्रयोग आम्ही केला. नातवाच्या कोवळ्या हातावर नीला नीट दिसेनात, तेव्हा त्याने माझाच हात पुढे ओढला. म्हाताऱ्या हातांवर त्या जमिनीवर पडलेल्या सुतळीसारख्या उठून दिसतात. त्याच्या आईची ओढणी दंडाला सैलसर बांधली. मनगटापासून चार बोटांवर त्याने अंगठा दाबला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने नीला कोपराकडे पुसत नेली. मधली दोन इंच सुतळी नाहीशी झाली आणि तिथे नुसती पन्हळ उरली. त्याने वरचे बोट उचलले, तरी पन्हळ तशीच. त्याने वरून उलटे दाबून पाहिले, गाठीच्या वर फुगवटा आला, पण खाली थेंब उतरला नाही. मग त्याने अंगठा उचलला आणि त्याच्या तोंडून ‘अरे!’ निघेपर्यंत ती भरूनही गेली. त्याने हे सात वेळा केले. शेवटी माझा हात लाल झाला, तेव्हा ओढणी सोडवून घ्यावी लागली.

त्यानंतर त्याने त्या उंच मित्राला फोन लावला. १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाला सावधान उभे असताना बुटांच्या आत पायाची बोटे आवळायची आणि पोटऱ्या ताणायच्या, सरांना काहीही दिसत नाही, असे तो त्याला हळू आवाजात समजावत होता.